मुळातराव

मुळातरावांना नवी गाडी दाखवू नये. हे ठाऊक असूनही डस्टर घेतली त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. समोरचंच दार, आणि पेढे चुकवले तर त्याची नोंद ठेवणारा माणूस. त्यांनी पेढा तोंडात टाकला, गॅलरीतून खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. पण मुळात ही रेनॉ नाहीच. डाचिया. रुमानियाची."

आई माझ्या मागेच उभी होती. तिने काळजीने विचारलं, "म्हणजे आपल्यातली नाही का?"

त्यांचं खरं आडनाव पोस्टमन आणि सोसायटीचं मेंटेनन्सचं रजिस्टर यांनाच माहीत. बाकी सगळ्यांना ते मुळातराव. जगातल्या कुठल्याही गाडीकडे ते आहे तशी बघूच शकत नाहीत. अँबॅसडर? मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. कॉन्टेसा? मुळात व्हॉक्सहॉल व्हिक्टर. स्टँडर्ड हेरल्ड निघायची मद्रासला, पण मुळात ती ट्रायम्फ. आणि ट्रायम्फ इंग्रजांची असली तरी तिचं रूप मुळात मिकेलॉट्टी नावाच्या इटालियनाने काढलेलं. म्हणजे मुळाच्याही खाली मूळ असतं आणि मुळातराव तिथवर खणतात. ऐकणारा तोवर जिना चढून घरी गेलेला असतो.

स्थळकाळाचं भान ही गोष्ट त्यांच्यात मुळातच नाही. (बघा, लागण होते.) तळमजल्यावरचे अप्पा गेले तेव्हा आम्ही सगळे गेटपाशी खाली माना घालून उभे होतो. शववाहिनी आली. जुनी मॅटॅडोर होती. मुळातराव माझ्या कानाशी आले. मला वाटलं अप्पांविषयी दोन शब्द बोलतील. "बजाज टेम्पोची," ते कुजबुजले, "पण टेम्पो मुळात हॅम्बुर्गची." अप्पा थेट वैकुंठाला जायच्या ऐवजी हॅम्बुर्गमार्गे गेले असं मला उगाच वाटत राहिलं.

टीव्हीवर पानशेतच्या पुराची मालिका लागली होती. १२ जुलै १९६१. पाणी चढतंय, नायिका खांबाला धरून आकांत करतेय, आमच्याकडे जमलेल्या बायकांचे पदर डोळ्यांना. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून एक फियाट वाहत गेली. मुळातराव खुर्चीतून उठले. "अशक्य! ही डिलाइट आहे. मुळात डिलाइट आली १९६४ ला. एकसष्टच्या पुरात डुक्कर फियाट वाहायला हवी होती, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी!" नायिका वाचली की नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतून कळलं.

शर्यतींचं खातं वेगळं. माझ्या पुतणीच्या लग्नाचा गोरज मुहूर्त नेमका ७ वाजून २२ मिनिटांचा निघाला. पत्रिका वाचताच मुळातरावांचा चेहरा उजळला. लग्नात ते अंतरपाटाच्या इतक्या जवळ उभे की मुलीकडच्यांना ते मामा वाटले. मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी खऱ्या मामांना पकडून सांगितलं, की १९५५ च्या मिले मिलियात स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजचा नंबर ७२२ होता. का? तर ती ब्रेशियाहून सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली म्हणून. शेजारी दाढीवाला जेंकिन्सन, पत्रकार. मांडीवर डबीत कागदाची लांबलचक गुंडाळी, तीत प्रत्येक वळण लिहिलेलं. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना, म्हणून तो हातांनी खुणा करायचा आणि मॉस त्या खुणांवर भरवसा ठेवून गाडी फेकायचा. रोमला वळसा घालून परत ब्रेशिया, हजार मैल, १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद. मामांनी हातातल्या सगळ्या अक्षता मधेच उधळल्या. 'सावधान' व्हायचं होतं अजून.

ही शर्यत मॉसने जिंकली १ मे रोजी. त्यामुळे महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाला मुळातराव सर्वांत आधी हजर असतात. राष्ट्रगीत संपल्यावर मात्र ते डोळे मिटून तसेच उभे राहतात. सेक्रेटरींना वाटायचं, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांसाठी. त्यांनी एकदा भाषणात तसा गौरवही केला. मुळातरावांनी प्रामाणिकपणे खुलासा केला, की हुतात्म्यांना ते घरूनच नमस्कार करून निघतात. खाली उभे असतात ते आयर्टन सेनासाठी. १ मे १९९४, इमोलाच्या शर्यतीत गेला तो. सेक्रेटरींनी त्यांना पुढच्या वर्षीपासून मागच्या रांगेत उभं केलं.

आता एक कबूल करायला हवं, मनाविरुद्ध का होईना. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद होणार अशी बातमी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली तेव्हा हा माणूस पहाटेच्या गाडीने मुंबईला गेला. टॅक्सीत बसला, काम काहीच नसताना दादरहून कुर्ल्याला गेला आणि दुसऱ्या टॅक्सीने परत आला. चालकाने कौतुकाने "फियाट है साब" म्हटलं, तर यांनी चक्क त्याची चूक काढली. म्हणाले, कुर्ल्याची आहे. वालचंदांच्या प्रीमियरची. मी विचारलं, "आणि इटली?" तर म्हणाले, "इटलीने ही गाडी १९६९ लाच टाकली हो. पुढची तीस वर्षं कुर्ल्याने काढली. माहेर बुडालं तरी सून नांदली. तिला अजून माहेरच्या नावाने काय हाक मारायची?" ऑक्सफर्डचंही त्यांनी त्याच दमात उरकलं: इंग्रजांनी ती सिरीज तीनच वर्षांत गुंडाळली, उत्तरपाड्याने अँबॅसडर म्हणून २०१४ पर्यंत ओढली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस उगाच खणत नाही. तो काहीतरी शोधतोय. मी मुद्दाम इंडिका पुढे केली, ती तरी आपली! त्यांनी मान हलवली. "टाटांचीच. पण मुळात आकार दिला तुरीनमध्ये."

मग दुसऱ्या मजल्यावर इचलकरंजीचे एक सुताचे व्यापारी भाड्याने राहायला आले. जिन्यात गप्पा चालल्या होत्या. ते सहज म्हणाले, "आमच्या गावात एका माणसानं कार केली होती की. मीरा म्हणून." मी कान टवकारून मुळातरावांच्या तोंडाकडे बघितलं. शब्द आला नाही. बराच वेळ आला नाही.

"शंकरराव कुलकर्णी," ते शेवटी म्हणाले. "स्वतःच्या डोक्याने बनवली. छोटी, चार माणसांना परवडेल अशी. मारुतीच्या कितीतरी आधी. एक नमुना झाला, मग दुसरा, सुधारत राहिले, वर्षानुवर्षं."

"मग?"

"मग काय. विकायला आलीच नाही."

हे सांगताना त्यांनी एकदाही 'मुळात' म्हटलं नाही. सांगायला कुठला दुसरा गाव नव्हता, दुसरी कंपनी नव्हती. मराठी माणसाने मराठी गावात केलेली गाडी, आणि तिच्याविषयी या माणसाकडे जेमतेम पाच वाक्यं. डाचियावर हा तासभर बोलतो.

त्या दिवसापासून सुताच्या व्यापाऱ्यांना रोज संध्याकाळचा चहा मुळातरावांकडे असतो. गाव, गल्ली, कुणाची ओळख, कुणाकडे जुना फोटो, सगळं ते पुन्हा पुन्हा विचारतात. व्यापारी बिचारे आता मागच्या जिन्याने येतात-जातात.

तेव्हा इचलकरंजीकडचं कुणी हे वाचत असेल, आणि घरात मीरामध्ये बसलेलं एखादं वडीलधारं माणूस असेल, तर त्यांना घेऊन एकदा आमच्याकडे जरूर या. चहा होईल, जेवणही होईल. फक्त स्वतःची गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावा.