आप्पांचा जाहीर निषेध

प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एक तरी गृहस्थ असतो, ज्याला नृत्यांगना गौतमी पाटीलची सगळी गाणी पाठ असतात आणि तिचं नुसतं नाव काढलं तरी ज्याचं डोकं फिरतं. आमच्या सोयगावात त्याला आप्पा म्हणतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन, खांद्यावर रुमाल. शेतात कापूस आणि मका, घरात सूनबाई, गावात मान. आप्पा कुठल्याही मंडळाचे अध्यक्ष नाहीत. ते सगळ्या मंडळांचे मार्गदर्शक आहेत. अध्यक्षाला वर्गणीचा हिशेब द्यावा लागतो. मार्गदर्शकाला फक्त पहिल्या रांगेत बसावं लागतं.

आप्पा समजायचे तर आधी सोयगावचं दुखणं समजून घ्यायला हवं. अजिंठ्याची लेणी आमच्या तालुक्यात, फर्दापूरजवळ. नाव मात्र लागलं अजिंठा गावाचं, आणि ते गाव सिल्लोड तालुक्यात. जग विमानाने येतं, लेणी बघतं, फर्दापूरला चहा घेतं आणि परत जातं. सोयगाव म्हटलं की लोक विचारतात, ‘जळगाव जिल्ह्यात का?’ आमचा बाजारहाट पाचोऱ्या-जळगावकडे आणि जिल्हा मात्र डोंगरापलीकडे. त्यामुळे जे काही घडतं ते हळद्याचा घाट चढून वर सिल्लोडला घडतं, आणि आम्हाला ते बघायला गाडी करून जावं लागतं.

2024 च्या जानेवारीत असंच झालं. सिल्लोडला गौतमीचा कार्यक्रम ठरला. धुळे जिल्ह्यातली ही मुलगी दोन वर्षांत एवढी मोठी झाली होती की तिच्या नावाचा बोर्ड लागला की आसपासच्या चार तालुक्यांत पेट्रोलपंपावर रांग लागायची. आप्पा सकाळपासून पारावर सांगत होते, “मले नाचाचं काही नाही भो. पोरं जाऊन राहिली, त्यांच्यावर लक्ष ठेवाले कोनी मोठं मानूस पाहिजे की नाही?” पोरांची गाडी संध्याकाळी सहाला निघाली. आप्पा लक्ष ठेवायला दुपारी तीनलाच निघून गेले होते.

तिथं काय झालं ते वाहिन्यांनी दाखवलंच. गर्दी आवरेना, पोरं ऐकेनात, हुल्लड सुरू झाली, व्यासपीठावरून माइकवर दमदाटी झाली आणि पोलिसांच्या काठ्या चालल्या. त्यातली एक आप्पांच्या पोटरीला चाटून गेली असं पोरं सांगतात. आप्पा म्हणतात, घाटात गाडी बंद पडली होती, ढकलताना लागलं. मार्गदर्शक माणूस चारचाकी ढकलायला मागे उभा राहील यावर गावात कुणाचा विश्वास बसलेला नाही, पण मोठ्या माणसाच्या पोटरीबद्दल वाद घालायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर आप्पांचं प्रवचन. “काय ते कपडे, काय ते हावभाव! हे आपल्या संस्कृतीत बसतं का?” पोरं विचारतात, “आप्पा, तुम्हाले दिसलं कसं? तुम्ही तर पोरांवर लक्ष ठेवत होते.” आप्पा शांतपणे म्हणतात, “पोरं जिकडे पाहत होती तिकडेच पाहावं लागतं ना.”

मग येतं निवेदन. आप्पांच्या आयुष्यात सुखाचे क्षण फार नाहीत. त्यातला एक म्हणजे निवेदनावर आवकचा गोल शिक्का बसतो तो. हे निवेदन कुठल्या कचेरीत गेलं ते सांगत नाही, कारण तिथले लोक चांगले आहेत. मजकूर असा : ‘वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, सदर नृत्यांगनेने तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यास केलेले हावभाव समाजमनावर विपरीत परिणाम करणारे असून...’ आवक-जावकच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी चष्मा वर करून वाचलं, शिक्का उचलला आणि हात तसाच थांबवला.

“आप्पा, तिसरं नाही. चौथं.”

“तिसरंच.”

“तिसऱ्याच्या वेळी तर लाइट गेले होते. लाइट आल्यावर जे झालं ते चौथं.”

शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, लाइट दुसऱ्यालाच गेले होते. शिपायाने मोबाइल काढला. चौघांनी मिळून तो भाग तीनदा पाहिला, शासकीय कागदावर चूक जायला नको म्हणून. शेवटी ‘तिसऱ्या’ खोडून ‘चौथ्या’ लिहिलं गेलं, खाडाखोडीवर आप्पांनी सही केली आणि पोच घेतली. समाजमनाचं काय झालं माहीत नाही. कचेरीचं मन त्या दिवशी प्रसन्न होतं.

आप्पा एकटे नाहीत, ही त्यांची मोठी ताकद. 2022 च्या शेवटी तिच्या हावभावांवरून गदारोळ झाला, ज्येष्ठ लावणी कलावंतांनी ही लावणीच नव्हे असं सुनावलं आणि गौतमीने जाहीर माफी मागितली. पुढे अजित पवारांनी आपल्या कार्यकर्त्यांना असले कार्यक्रम ठेवू नका म्हणून तंबी दिली. इंदुरीकर महाराजांनी कीर्तनात तिच्या तीन गाण्यांचा आणि तीन लाखांचा हिशेब मांडला. आप्पांनी प्रत्येक बातमीचं कात्रण ठेवलंय. एवढं सगळं होऊनही कार्यक्रम वाढतच गेले, कारण ज्यांनी तंबी ऐकली त्यांचेही वाढदिवस दरवर्षी येतातच. मिरजेजवळ बेडगला तिच्या कार्यक्रमाला लोक शाळेच्या छपरावर चढले आणि कौलं फुटली. आप्पांनी निषेध केला तो गौतमीचा. कौलांवर चढलेले कोण होते, हे त्यांनी विचारलं नाही. चढणारे आपलेच असतात. 2023 मध्ये मुळशीकडे तर ती एका बैलासमोर नाचली. आजवर तिला लाभलेल्या प्रेक्षकांत तेवढी शिस्त त्या बैलानेच दाखवली.

मग आडनावाचं प्रकरण आलं. 2023 च्या उन्हाळ्यात काही जणांनी मागणी केली की तिने ‘पाटील’ लावू नये, बदनामी होते. आप्पा स्वतः पाटील, त्यामुळे हा तर घरचाच प्रश्न. ते तावातावाने बोलत होते तेव्हा पारावर नऊ माणसं होती, त्यातली सहा पाटील. एक मराठा, एक लेवा, एक गुजर, आणि बाकीच्यांना आपण कुठले पाटील हे लग्न जमवतानाच आठवतं. आमच्या खान्देशाच्या काठावर दगड मारला तर पाटलालाच लागतो. गावची वंशपरंपरागत पाटीलकी सरकारने 1962 च्या कायद्याने मोडीत काढली. तेव्हापासून आडनावाला ना शिक्का ना दप्तर. संभाजीराजे छत्रपतींनी तिची बाजू घेतल्यावर आप्पांची पंचाईत झाली. राजांच्या विरोधात जाता येईना आणि गौतमीच्या बाजूने येता येईना. त्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा शेतावर मुक्कामी गेले.

“आमच्या वेळची लावणी!” हा आप्पांचा हुकमाचा पत्ता. विठाबाई नारायणगावकरांचं नाव घेताना त्यांचा गळा भरून येतो. बाई दिवस भरलेल्या असताना फडावर नाचत होत्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि दगडाने नाळ तोडून परत उभ्या राहिल्या, ही गोष्ट ते अशी सांगतात की ऐकणाऱ्याने बोर्डावर डोकं टेकवावं. विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं, आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. पण त्या 2002 मध्ये गेल्या तेव्हा हलाखीतच होत्या, हे आप्पा सांगत नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती आणि मग अटी लादून ती उठवली, हेही सांगत नाहीत. त्या वेळी तमाशाने पोरं बिघडतात म्हणून अर्ज करणारे आप्पा गावोगाव होतेच. कलावंतीण थकली की आप्पांना तिची दया येते, वारली की अभिमान वाटतो. चूक गौतमीचीच आहे : ती अजून तरुण आहे आणि तिला बिदागी वेळेवर मिळते.

आप्पांना अडवायचं तर पोरं मुंबईची साक्ष काढतात. 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सन नाचून गेला. शिव उद्योग सेनेने बोलावला, युती सरकारने करमणूक कर माफ केला, प्रकरण कोर्टात गेलं. एरवी पाश्चात्त्य थेरांवर तुटून पडणाऱ्यांनी त्याला विमानतळापासून मिरवत आणला, आणि तो ‘मातोश्री’वरचं स्वच्छतागृह वापरून गेला याचंही कौतुक झालं. “मग तेव्हा संस्कृती कुठे गेली होती, आप्पा?” आप्पा म्हणतात, “तो बाप्या होता भो.” इतकं नेमकं उत्तर समाजशास्त्राच्या जाड पुस्तकातही सापडणार नाही.

आप्पांचा निषेध मला फक्त एकदाच विनोदी वाटला नाही. 2023 च्या फेब्रुवारीत कुणीतरी गौतमीचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून पसरवला. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, गुन्हा दाखल झाला. आप्पा त्या दिवशी खरंच संतापले होते. “कुनाच्या लेकीबाळीसंगं असं करता का रे?” म्हणत पारावर आले. निषेधाचं निवेदन लिहायला बसले, आणि नेमका निषेध कशाचा ते कळावं म्हणून व्हिडिओ मागवला. एकाने पाठवला. खात्री करून घेतल्यावर आप्पांनी तो आणखी दोघांना पाठवला, त्यांच्याही सह्या हव्या होत्या. बोर्डावर ती उभी असेल तर दोष तिचा. बोर्डामागे तिला कुणी चोरून बघितलं तरी गावागावात चर्चा तिचीच. बघणाऱ्याचं नाव त्या निवेदनातही नव्हतं.

पाहुणे आले की आप्पा त्यांना लेणी दाखवायला नेतात. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर हात जोडतात आणि मग डावीकडच्या भिंतीवरच्या महाजनक जातकापाशी बराच वेळ थांबतात. तिथं दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेली एक नर्तकी आहे, मुरड घेतलेली, भोवती वाजवणाऱ्या बायका. “ही आपली संस्कृती!” आप्पा पाहुण्यांना सांगतात. तिथला वाटाड्या सगळी गोष्ट सांगतो : राजा महाजनकाला वैराग्य आलं, त्याला संसारात अडकवायला राणीने नाच ठेवला, राजाने तो पाहिला आणि तरी राज्य सोडून निघून गेला. आप्पांना या गोष्टीचा शेवट कधीच पटलेला नाही. नाच आवडला नाही तर उठून जायचं, ही कल्पनाच त्यांना सुचत नाही. राजाने गावकऱ्यांच्या सह्या तरी घ्यायला हव्या होत्या, असं ते एकदा खरोखर म्हणाले.

परवा गणपतीची बैठक झाली. पोरांनी आरोग्य शिबिर सुचवलं, कुणी व्याख्यानमाला सुचवली. “व्याख्यानाले कोन येतं भो? मागच्या साली वक्ता, माईकवाला आनि मी,” आप्पा म्हणाले. मग सगळे गप्प बसले आणि मार्गदर्शकांकडे बघू लागले. आप्पांनी रुमालाने कपाळ पुसलं.

“मले विचारसान तर तिलेच बोलवा. पन पत्रिकेत नाच लिहू नका, ‘लोककला संवर्धन’ लिहा. माझी खुर्ची पुढे ठेवा, पोरांवर लक्ष ठेवाले बरं पडते. आनि एक करा, निषेधाचं निवेदन आत्ताच टाईप करून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या टायपिंगवाल्याकडे लय गर्दी राहते.”