भांड्यावरचा असहकार

दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या मालकीचं घरात फारसं काही नसतं. कपडे कोणते घालायचे ते आई ठरवते, जेवायला काय ते आजी, मोबाईल किती वेळ बघायचा ते बाबा (निदान बाबांचा तसा समज असतो), आणि केस कापायचे तेव्हा तर सगळे मिळून त्याला धरतात. या पारतंत्र्यात एकच गोष्ट अशी आहे, जी तो स्वतः तयार करतो आणि जी द्यायची की रोखून धरायची हे फक्त तो ठरवतो. तोंडात घास कोंबता येतो, नाकात औषध सोडता येतं. इथे मात्र सगळ्या घराने हात टेकलेले. नेमक्या याच सुमाराला मोठी माणसं बदकाच्या आकाराची प्लास्टिकची पॉटी आणतात, तिच्यासमोर उकिडवी बसतात आणि 'कर बरं राजा, शी कर' म्हणत आशेने त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. राजा दहा मिनिटं बसतो, बदकाची मान पिरगाळून पाहतो, उठतो, चड्डी वर ओढायला लावतो आणि सोफ्यामागे जाऊन कार्यभाग उरकून येतो. यावर घरचा निष्कर्ष ठरलेला: 'अजून कळत नाही हो त्याला.' माझ्या मते त्याला सगळं कळतं. जे पोर आडोसा शोधतं, त्याला शी कधी येणार आणि ती कुणासमोर करायची नाही, या दोन्हींची पुरती जाण आलेली असते. त्याला ते जमतं, फक्त मान्य नसतं. आणि मान्य नसण्याचा मुहूर्तही आपणच काढलेला असतो, कारण 'नाही' हे हत्यार त्याच्या हातात नवं कोरं असताना आपण त्याच्याकडे हा प्रस्ताव घेऊन जातो.

पहिला आक्षेप अर्थातच आजीचा. 'आमची सगळी मुलं वर्षाच्या आत सांगायला लागली होती.' हे ऐकून सुना पंख्याकडे बघतात, पण आजी खोटं बोलत नसते. बाळाला दूध पाजून झालं की जमिनीवर पाय पसरायचे, दोन पावलांच्या मध्ये बाळाला बसवायचं, काखेत हात देऊन धरायचं आणि तोंडाने 'शूऽऽ' करायचं. दूध पोटात गेलं की आतडी हलायला लागतात हे वैद्यकाच्या पुस्तकात आहे. आजीला ते सवयीने माहीत होतं. पूर्व आफ्रिकेतल्या दिगो लोकांच्या आया जवळपास हेच करतात. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात, तसंच पाय पसरून बसणं, तसाच तोंडाचा आवाज, आणि पाच-सहा महिन्यांत बाळ कोरडं. डीव्हरीज दांपत्याने 1977 मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात याची सविस्तर नोंद केली आहे. पण आजी एक गोष्ट सांगायची विसरते. सहा महिन्यांचं बाळ तयार होतं, कारण विरोधी पक्ष नावाची काही सोय जगात असते हे त्याला अजून ठाऊक नसतं. शिवाय त्या पद्धतीची किंमत होती: दिवसभर बाळाच्या चेहऱ्यावर नजर ठेवणारं एक माणूस, पाणी ओतून धुता येणारी फरशी, आणि ओलं झालं की लगेच बोचणारा सुती लंगोट. आताच्या डायपरमधली पावडर सगळं पिऊन टाकते आणि बाळाला पत्ताही लागू देत नाही. आईबाबा लोकलमध्ये, बाळ पाळणाघरात, अशा घरात आजीची पद्धत हवी असेल तर आजीच हवी, आणि आजी हल्ली सकाळी योगाच्या वर्गाला जाते. अडीच वर्षांच्या वयात ती पद्धत सुरू करून तर उपयोगच नाही. तुम्ही 'शूऽऽ' केलंत की मूल ओठांवर बोट ठेवून तुम्हालाच गप्प करतं.

दुसरं टोक अमेरिकेतलं. तिथले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये 1,170 मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं, की मूल स्वतः तयार झाल्याची चिन्हं दिसेपर्यंत थांबा, आणि त्याने नकार दिला की विषय बाजूला ठेवा. या मुलांचा दिवसाचा कारभार सरासरी 28 महिन्यांच्या आसपास मार्गी लागला. आता कुणी म्हणेल, हेच ब्रेझल्टन पुढे पॅम्पर्स डायपरच्या जाहिरातीत दिसले. थांबा म्हणणाऱ्याचा थांबण्यातच फायदा! शंका रास्त आहे, आणि डायपरचा खप वाढवणारा सल्ला चिकित्सेने तपासावा हेही खरं. पण तपासला तरी तो बऱ्यापैकी टिकतो. 2003 मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की 27 महिन्यांच्या आत कसून मागे लागलेल्या पालकांची मुलं त्यामुळे डायपरमधून लवकर मोकळी झाली नाहीत. शिकवणीचा काळ मात्र लांबला. म्हणजे दिगो आई 'नाही'च्या आधी येते, ब्रेझल्टन 'नाही' ऐकलं की मागे सरतात. 'नाही' जोरात चालू असताना बदक घेऊन उभे राहतो ते आपण.

मग ते एका दिवसात शिकवणारे? ॲझ्रिन आणि फॉक्स या दोन मानसशास्त्रज्ञांचं 1974 चं पुस्तक शीर्षकातच एका दिवसापेक्षा कमी वेळाचं वचन देतं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्यांच्या मूळ प्रयोगात 34 मुलं सरासरी चार तासांत शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कसं, हे बघण्यासारखं आहे. मुलाला खारट खाऊ आणि भरपूर सरबत. चड्डी ओली झाली तर जागेवरून भांड्यापर्यंतची कवायत पुन्हापुन्हा. आणि या सगळ्याच्या आधी एक शू करणारी बाहुली, जिला भांड्यावर बसवायला मुलानेच शिकवायचं. माझ्या मते खरी करामत बाहुलीची आहे. तिला शिकवताना मूल गुरुजी असतं, आणि सत्तेत बसलेल्याचा विरोध कसा मावळतो हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. उरलेली कवायत सराईत माणसाला जमते. चिडलेल्या बापाने ती करायला घेतली, तर चार तासांनी रडणारे दोघे असतात.

मुलाला फार हट्टी ठरवण्याआधी मोठ्यांचा इतिहासही आठवावा. सरकारने अनुदान देऊन गावोगाव संडास बांधले, तर अनेक ठिकाणी त्यांत गोवऱ्या आणि सरपण रचलं गेलं आणि मालक टमरेल घेऊन पूर्वीच्याच वाटेने गेला. मग पहाटे 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली, कुठे गुलाबाचं फूल देऊन लाजवू लागली, कुठे दंडाची पावती फाडू लागली. लोकांनी वेळ बदलली. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानात गावाच्या इभ्रतीची चुरस लागली, तेव्हा मात्र तीच माणसं स्वतःहून पुढे आली. मतदानाचा हक्क असलेल्या नागरिकाची ही तऱ्हा, तर ज्याला अजून बूट कुठल्या पायात घालायचा हे कळत नाही त्याने सोसायटीतल्या इतर मुलांच्या उदाहरणाने का वितळावं?

चॉकलेटचा मार्गही सरळ नाही. दर वेळी एक चॉकलेट ठरलं, की हिशेबी मूल तीच शू चार हप्त्यांत देतं. फ्रॉइडने 1908 मध्ये लिहिलं होतं, की शीच्या या टप्प्यात अडकलेली मुलं पुढे काटकसरी, हट्टी आणि टापटीप होतात. हे तिन्ही गुण एकाच माणसात असले की त्याला आपल्याकडे सोसायटीचा खजिनदार करतात, तेव्हा फ्रॉइडचं मी फारसं मनावर घेत नाही. मनावर घ्यायची ती बद्धकोष्ठता. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांत अडकवलेले, सोफ्याची कड घट्ट धरलेली, चेहरा लालबुंद: हे दृश्य पाहून घरचे 'जोर लाव, जोर लाव' म्हणतात, आणि पोर सगळा जोर लावून ती आत ठेवत असतं. एकदा दुखलेलं असतं, म्हणून रोखतं. रोखल्याने ती आणखी कडक होते, म्हणून पुन्हा दुखतं. मलाशय ताणलं जातं, जाणीव बोथट होते, पातळ शी कडेने झिरपून चड्डीला डाग पडतात आणि त्याबद्दल वर ओरडा बसतो. इथे राजकारण बंद. भांडं माळ्यावर टाकावं, डॉक्टरांकडून शी मऊ राहण्याचं औषध घ्यावं, ते चार दिवसांत न सोडता सांगतील तितके महिने द्यावं, आणि ताकदीच्या नावाखाली चाललेला दुधाचा मारा आवरावा. 'छी, घाण!' हेही थांबवावं. मुलांसमोर शीला नावं न ठेवण्याची ताकीद पालकांना देऊन केलेला एक अभ्यास आहे. त्यात नकार टळला नाही, पण लवकर संपला.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा: 'जूनमध्ये नर्सरी आहे, तिथे डायपर चालत नाही, आणि तुम्ही थांबा म्हणता?' थांबा म्हणजे हात बांधून बसा असं नव्हे. इलॅस्टिकची चड्डी घाला, जी त्याची त्याला खाली करता येईल. कमोडवर बसवत असाल तर लोंबणाऱ्या पायांखाली पाट द्या. जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, झाली तर ठीक, नाही झाली तर ठीक, आणि मावशीला व्हिडिओ कॉल लावू नका. घरी बदकाला लाथ मारणारं मूल शाळेत रांगेने जाऊन येतं, हा चमत्कार पुष्कळ घरांत घडतो. त्याचं कारण एवढंच, की बाईंना त्याच्या शीमध्ये काडीचाही भावनिक रस नसतो.

रात्रीचं प्रकरण मात्र यात धरू नये. झोपेतली शू मुलाच्या मर्जीवर नसते; डॉक्टरसुद्धा पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला दुखणं म्हणत नाहीत. गादीवर रबरी कापड घालावं आणि झोपावं. ही सवय बरेचदा वंशपरंपरेने येते, तेव्हा बाबांची किती वर्षं चालू होती हे विचारून घ्यायला हरकत नाही. फक्त ते बाबांना विचारू नये, आजीला विचारावं, आणि तेही वर्षाच्या आत सांगायला लागलेल्या त्या सगळ्या मुलांचा विषय निघण्याआधी.