कृपया थांबा…

गेल्या आठवड्यात एका सरकारी खात्याचा फॉर्म भरायला घेतला. माझ्या संगणकावर लिनक्स आहे. पीडीएफ उघडली, तर आत फॉर्मच नाही, फक्त 'प्लीज वेट…' आणि खाली सल्ला: अ‍ॅडोबी रीडरची नवी आवृत्ती उतरवून घ्या. कुठून घेऊ? अ‍ॅडोबीने लिनक्ससाठी शेवटचा रीडर, 9.5.5, मे 2013 मध्ये काढला आणि तिथून गाशा गुंडाळला.

पीडीएफ 2008 पासून आयएसओचं खुलं मानक आहे. पण या फॉर्मच्या पोटात एक्सएफए नावाचं अ‍ॅडोबीचं तंत्र असतं. ते आयएसओने स्वतःचं मानक कधीच केलं नाही, 2017 च्या पीडीएफ 2.0 मध्ये तर त्याला मोडीत काढलं. फायरफॉक्सवाल्यांनी 2021 मध्ये असे फॉर्म दाखवायची सोय केली, त्यांचे उपकारच. मात्र डिजिटल सहीचं टोकन लावायची वेळ आली की गाडं पुन्हा अडतं.

कंपन्या येतात, जातात. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2022 मध्ये टीम्सचं लिनक्सवरचं अ‍ॅप बंद केलं. ब्राउझरमधून वापरा म्हणाले. ड्रॉपबॉक्सने 2018 मध्ये लिनक्सच्या एक सोडून बाकी सगळ्या फाइल सिस्टिम नाकारल्या, लोक चिडले, पुढच्याच वर्षी त्यातल्या काही परत घेतल्या. राग येतो, पण तो त्यांचा धंदा आहे. आपल्याला दुसरं अ‍ॅप शोधता येतं.

दुसरं सरकार कुठून शोधायचं?

आणि या सरकारने 2010 मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं, 2015 मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार करते, तीही आपल्याच करातून. मग फॉर्मसाठी नागरिकाने एका परक्या कंपनीचा रीडर, आणि तो चालावा म्हणून विंडोज का बाळगायचं? मी शेवटी शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला. माझा पॅन, माझी सही, सगळं त्यांच्या यंत्रावर. हे मला अजिबात पटलेलं नाही.

फॉर्मच्या निविदेत एक अट घाला: बॉसवर फॉर्म उघडून, भरून, सही करून दाखवा. मगच ठेकेदाराचं बिल काढा.