वाहतूकशास्त्री

आमच्या साडूंना समुद्राचं विशेष काही नाही. पोहता येत नाही, चपलेत गेलेली वाळू खपत नाही, मासे ते खात नाहीत. तरी दर मे महिन्यात ते आम्हां दोन्ही कुटुंबांना ठाण्याहून गुहागरला नेतात. कारण ठाणे आणि गुहागर यांच्यामध्ये मुंबई-गोवा महामार्ग आहे आणि मे महिन्यात त्याच्यावर माणसं असतात. पोचण्यात त्यांना रस नाही. इतर सगळे अडकलेले असताना पोचण्यात आहे.

तयारी होळी झाली की सुरू होते. पहिला प्रश्न वाराचा. शुक्रवारी संध्याकाळी निघणं हा त्यांच्या लेखी अडाणीपणा. शनिवारी सकाळी निघतात ते नवशिके. १ मे शनिवार-रविवारला जोडून आला, तर त्या दिवसांत साडू भाजी आणायलाही गाडी काढत नाहीत. असं करत करत बुधवार उरतो. बुधवार ठरला की ते पंचांग काढतात. आपल्याला मुहूर्त बघायला नव्हे, इतरांचा कधी आहे ते बघायला. दाट लग्नतिथ असली की माणगाव-महाड पट्ट्यात वऱ्हाडाच्या बसगाड्या उभ्या राहतात, आणि वरातीपुढे नाचणाऱ्या नवरदेवाच्या मामाला कुठलाही हॉर्न ऐकू येत नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे. तेव्हा ज्या दिवशी महाराष्ट्रात कुणाचंही लग्न लागू शकत नाही, तो दिवस आमच्या सहलीला उत्तम. एकदा चक्क अमावास्या निघाली. सासूबाई म्हणाल्या, “अहो, पोरंबाळं घेऊन अमावास्येला कुठे?” साडू शांतपणे म्हणाले, “आई, सगळ्यांना असंच वाटतं. म्हणून तर रस्ता मोकळा असतो.”

हा महामार्ग आता कागदोपत्री ६६ नंबरचा आहे, पण साडू त्याला अजून ‘सतरा’च म्हणतात, जुन्या ओळखीतल्या कुणी लग्नानंतर नाव बदललं तरी आपण माहेरच्या नावानं हाक मारतो, तसे. पनवेल ते इंदापूर हा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ साली निघालं. तेव्हा माझी पुतणी बालवाडीत होती, आता ती मतदान करते. रस्त्याच्या या तब्येतीवर लोक चिडतात, मोर्चे काढतात. साडू चिडत नाहीत. रस्ता एकदा गुळगुळीत झाला, तर कुणीही उठून गुहागरला जाईल आणि आपल्या अभ्यासाला काय किंमत राहील, ही धास्ती त्यांच्या मनात आहे, असा माझा संशय आहे. कशेडीला बोगदा झाला तेव्हा ही धास्ती पहिल्यांदा चेहऱ्यावर दिसली. कुठल्या वळणावर ट्रक बंद पडतो, कुठे ओव्हरटेक मिळतो, हे त्यांना घाटभर पाठ होतं. आता दोनेक किलोमीटरचा बोगदा, आत शिरलो की पलीकडे. बाहेर पडल्यावर मुलं ओरडली, “काका, संपला पण?” साडू बराच वेळ काही बोलले नाहीत.

पर्यायी मार्गांवर तर त्यांनी व्याख्यानं द्यावीत. पळस्पे-पेण-कोलाड-माणगाव हा सरळ रस्ता म्हणजे जनसामान्यांचा. माणगावची बाजारपेठ हायवेवरच, तिथे कोथिंबिरीच्या एका जुडीवरून गोव्यापर्यंतची वाहतूक थांबू शकते. दुसरा मार्ग एक्सप्रेसवेने पुणे, तिथून सातारा, उंब्रज, पाटण आणि कुंभार्ली घाटाने खाली चिपळूण. दीडएकशे किलोमीटर जास्त, “पण गाडी हलती राहते.” गाडी हलती राहणं हे मूल्य आहे; ती कुठल्या दिशेला हलते, हा पुढचा प्रश्न. तिसरा मार्ग त्यांचा लाडका. रेवदंडा-मुरूडकडून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे अशा तीन खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या. “बोटीत गाडी चढली की आपल्याला कुणी ओव्हरटेक करू शकत नाही,” हा त्यामागचा युक्तिवाद. या मार्गानं आम्ही कधी गेलो नाही, कारण जेट्टीवरची रांग मोबाइलच्या नकाशात नीट दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या रांगेत उभं राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. अटल सेतू ठाणेकरांच्या वाटेत येत नाही, याचं तर त्यांना वैयक्तिक दुःख आहे.

नकाशावर त्यांचा पूर्ण विश्वास नाही. माणगावजवळ त्यांचा एक टायरवाला आहे, त्याला आदल्या रात्री फोन जातो. “काय म्हणतोय रस्ता?” तो म्हणतो, “मोकळा आहे साहेब, या बिनधास्त.” तो दर वर्षी हेच म्हणतो. खड्डे आणि टायर यांचा त्याच्या धंद्याशी असलेला संबंध साडूंच्या लक्षात कसा येत नाही, हे मला कळत नाही.

मग वेळापत्रक येतं, लॅमिनेट केलेलं. प्रस्थान पहाटे ३. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या चालत्या गाडीत. मुलांची ‘सोय’ कोलाडला. त्याआधी पाणी घोटाघोटानं. आमच्या सौ.नी विचारलं, “वडखळला चहा?” त्यावर मेहुणीबाईच म्हणाल्या, “अगं, विचारू नकोस. मी लग्न झाल्यापासून वडखळचा चहा खिडकीतून बघतेय.”

पहाटे तीन ही वेळ निवडण्यामागे मोठा अभ्यास आहे. वाशीला निघालेल्या आंब्याच्या गाड्या तोवर समोरून निघून गेलेल्या असतात, लक्झरी बसवाले पुढे गेलेले असतात आणि सामान्य माणूस झोपलेला असतो. अडचण एवढीच, की हा अभ्यास ठाणे, डोंबिवली, बोरिवली आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक इमारतीत एकेका साडूंनी केलेला आहे. पावणेचारला पळस्प्याच्या पुढे लाल दिव्यांची जी रांग लागते, ती सगळी गर्दी टाळायला निघालेल्यांची असते. सामान्य माणूस खरोखरच झोपलेला असतो; तो आठला उठून आरामात निघतो आणि आमच्यामागोमाग तासाभरात पोचतो.

पण त्या रांगेत साडूंना बघावं! गाडी बंद करून ते खाली उतरतात. पुढच्या गाडीतूनही एक गृहस्थ उतरतात, हाफ पँट, हातात मोबाइल.

“किती वाजता निघालात?”

“अडीचला. तुम्ही?”

“तीन. बुधवार बघून काढला होता.”

“मी पण! पंचांग बघितलंत का?”

अशी माणसं भेटली की साडूंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते मी गुहागरच्या किनाऱ्यावर कधी पाहिलेलं नाही.

किनाऱ्यावर ते सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. आम्ही पाण्यात, ते मोबाइलमध्ये. अधूनमधून हाक येते, “अहो, इकडे या!” मी ओल्या अंगानं धावत जातो, तर म्हणतात, “हे बघा माणगाव. लालभडक! आत्ता तिथे असतो तर मेलो असतो.” संध्याकाळी व्याडेश्वराच्या देवळात हात जोडतानाही ते काय मागत असतील, याचा अंदाज मला आहे.

परतीचा बेत पोचल्या दिवशीच ठरतो. रात्री जेवताना, उकडीच्या मोदकावर तूप घेत साडूंनी घरमालकांना सांगितलं, “आमचा हिशेब उद्याच करून टाका. परवा आम्ही जरा लवकर निघू. पहाटे तीनला.”

“बरंच झालं हो,” मालक म्हणाले, “खालच्या चारही खोल्या तीनलाच निघतायत. चहा एकदमच टाकतो.”

साडूंचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. त्यांनी आजूबाजूच्या टेबलांवर नजर फिरवली, माझ्याकडे वाकले आणि कुजबुजले, “दीड. पण मुलांना सांगू नका, ती बोलून टाकतील.”