उसाच्या ट्रॅक्टरवर टेप कसा बसवावा : चुकांची शास्त्रशुद्ध पद्धत

वाहनावर टेप बसवणे ही स्वतंत्र विद्या असून अहिल्यानगर जिल्ह्यात तिचे सर्वांत प्रगत रूप चारचाकी मोटारीत नव्हे, तर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर पाहावयास मिळते. ‘टेप’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घ्यावी लागते. कॅसेट केव्हाच गेली, तिच्या जागी आधी पेनड्राइव्ह आणि मग मोबाइलचे ब्लूटूथ आले, तरीही गाणे वाजवणारा डेक, त्याचा क्षीण आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, खर्ज काढणारा वूफर, वरचे सूर काढणारा ट्विटर आणि या सर्वांना जोडणारा वायरींचा गुंता मिळून जे काही होते, त्याला टेपच म्हणतात. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू केल्यानंतर कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, श्रीगोंदे अशा तालुक्यांत कारखाने उभे राहिले, उसाच्या बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर आला आणि फडापासून गव्हाणीपर्यंतच्या, म्हणजे तोडीच्या शेतापासून कारखान्यात ऊस जेथे टाकतात त्या जागेपर्यंतच्या, संथ प्रवासाला सोबत म्हणून टेप आला. याच जिल्ह्यातील नेवाशात एका खांबाला टेकून शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ती कोणत्याही ॲम्प्लिफायरविना महाराष्ट्रभर पोहोचली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकांनी अपवाद म्हणून बाजूला ठेवावी.

टेप बसवताना होणाऱ्या चुका सुट्या आणि नकळत घडणाऱ्या असतात, असा समज आहे. तो बरोबर नाही. त्या ठरावीक क्रमाने होतात, पहिली चूक दुसरीला जन्म देते आणि प्रत्येक चुकीवर नवी खरेदी हाच उपाय सुचवला जातो. म्हणून पुढील पायऱ्या क्रमानेच चढाव्यात. एखादी गाळल्यास टेप नीट वाजण्याचा धोका संभवतो.

पहिली पायरी : आकड्यावर श्रद्धा ठेवावी

ॲम्प्लिफायर निवडताना खोक्यावरील सर्वांत मोठा आकडा प्रमाण मानावा. वॅट हे शक्तीचे माप असून ते दोन प्रकारे छापले जाते : आरएमएस म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकेल तो आकडा, आणि पीएमपीओ म्हणजे ते क्षणाच्या एखाद्या कणापुरते किती देऊ शकेल याविषयी निर्मात्याला वाटणारी आशा. पहिला आकडा लहान असतो आणि आतल्या पुस्तिकेत असतो, दुसरा मोठा असतो आणि सोनेरी अक्षरांत असतो. ज्याला श्रद्धा जमत नाही, त्याने ॲम्प्लिफायर आडवा करून त्याच्या कडेला खोचलेला फ्यूज पाहावा. खोक्यावर 3000 वॅट आणि फ्यूज 30 अँपिअरचा असेल, तर इंजिन चालू असतानाच्या सुमारे 13.8 व्होल्टला आत जाणारी शक्तीच 414 वॅट भरते, आणि साध्या जातीच्या ॲम्प्लिफायरमध्ये उष्णतेत जाणारा वाटा वजा करता स्पीकरपर्यंत अडीचशेच्या आसपास पोहोचते. बाकीचे पावणेतीन हजार वॅट खोक्यावरच राहतात. हा हिशेब दुकानात मोठ्याने करू नये.

दुसरी पायरी : ट्रॅक्टरची वीज अक्षय मानावी

ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची, बहुधा 75 किंवा 88 अँपिअर-तासांची असते आणि ती भरण्याचे काम अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र, करतो. त्याला जुनी माणसे अजूनही डायनामा म्हणतात. अनेक ट्रॅक्टरांवर हा अल्टरनेटर 36 ते 42 अँपिअरच्या घरातला असतो, कारण ट्रॅक्टर घडवणाऱ्याने त्याच्याकडून इंजिन सुरू करणारा सेल्फ, दिवे आणि हॉर्न यांचीच अपेक्षा धरलेली असते. खरोखरीचे 500 वॅट देणारा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरावर साठेक अँपिअर मागतो, दोन हेडलाइट आणखी नऊ-दहा मागतात, आणि तरीही गाणे सतत टिपेला नसल्यामुळे ही तूट रस्त्यावर जाणवत नाही. ती कारखान्याच्या केनयार्डात, म्हणजे ऊसगाड्या थांबण्याच्या आवारात, जाणवते.

तेथे ट्रॅक्टर वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास उभा असतो, डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद केलेले असते आणि टेप मात्र चालू असतो. चावी काढल्यावर टेप बंद पडू नये, याची व्यवस्था फिटरने आधीच केलेली असते. डेकमधून निघणाऱ्या वायरींत पिवळी वायर कायम बॅटरीला, लाल वायर चावीच्या स्विचला आणि काळी अर्थला द्यावयाची असते. फिटर लाल आणि पिवळी एकत्र पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून, दोन्ही थेट बॅटरीला देतो आणि यालाच ‘डायरेक्ट’ अशी प्रतिष्ठित संज्ञा आहे. पहाटे नंबर लागतो तेव्हा सेल्फ ‘टक’ एवढाच उद्गार काढतो, भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर ढकलून सुरू करणे ऊसतोड टोळीतील सर्वांनी हात लावूनही अशक्य असते आणि मागच्यांच्या शिव्या ऐकत दुसऱ्या ट्रॅक्टरचे टोचन लावावे लागते. यावर दुसरी बॅटरी घेण्याचा सल्ला दिला जातो. ती भरण्याचे काम त्याच अल्टरनेटरकडे असते.

तिसरी पायरी : वायर घरचीच वापरावी

वायर हा दिसणारा भाग नसल्यामुळे त्यावर खर्च करणे अनुचित समजले जाते. नव्या घराच्या वायरिंगमधून उरलेले अडीच चौरस मिलिमीटरचे वेटोळे या कामी उत्तम. घरात 230 व्होल्टला हजार वॅटसाठी साडेचार अँपिअरही लागत नाहीत, तर बारा व्होल्टला त्याच हजार वॅटसाठी त्र्याऐंशी लागतात. म्हणजे व्होल्ट कमी झाले की त्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की वायर जाड लागते, हा सारा विषय येथे संपतो. चार मीटर लांबीच्या या वायरीतून साठ अँपिअर नेल्यास दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच गळतो आणि सुमारे शंभर वॅटची उष्णता वायरीतच निर्माण होते. थंडीच्या रात्री चालकाच्या मांडीखाली येणारी ही ऊब खोक्यावर छापलेली नसली, तरी तीच एक शक्ती जाहीर केल्याशिवाय मिळते.

चौथी पायरी : फ्यूज हा अडथळा समजावा

फ्यूज म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास स्वतः वितळून वायर वाचवणारी बारीक तार. तिची जागा बॅटरीपासून हातभराच्या आत असावी, कारण त्या पुढच्या प्रत्येक इंचाचे रक्षण तिलाच करावयाचे असते. फ्यूज वारंवार उडतो, याचा अर्थ फ्यूज खराब आहे असा घ्यावा आणि त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा वायरीची एक सोललेली तार घालावी. ही वायर बॉनेटच्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून रबरी बूच न घालता ओढून घ्यावी, म्हणजे खड्डेमय रस्त्यावर पत्र्याची धार तिचे आवरण हंगामाच्या मध्यापर्यंत कापून काढते. पत्र्याला लागलेली उघडी वायर, फ्यूजऐवजी चांदी, आणि ट्रॅक्टरच्या कानाकोपऱ्यात साचलेले वाळलेले पाचट हे तीन पदार्थ एकत्र आल्यावर काय होते, हे ज्याने फडात पाचट पेटताना पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

पाचवी पायरी : जोडणी अंदाजाने करावी

अर्थ म्हणजे वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी वाट. ती जोडताना रंग खरवडून स्वच्छ धातू उघडा करणे आवश्यक असते. म्हणून अर्थची वायर रंगावर, शक्यतो चिखल वाळलेल्या नटाखाली दाबावी. मग इंजिनाची गती वाढेल तशी चढत जाणारी ‘कुईं’ अशी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. ती अल्टरनेटरची असते, परंतु गाण्यातील सनई म्हणून खपून जाते.

दोन स्पीकरांपैकी एकाचे धन आणि ऋण टोक उलटे जोडावे. त्यामुळे एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, हवेतला खर्ज एकमेकांना मारतो आणि मालक वूफर कमी पडतो असे म्हणत आणखी दोन वूफर आणतो. तेही त्याच टोकांना समांतर जोडावेत. स्पीकरचा विरोध ओहममध्ये मोजतात; चार ओहमचे दोन समांतर जोडले की दोन ओहम होतात, चार जोडले की एक होतो आणि दोन ओहमपर्यंतच सोसणारा ॲम्प्लिफायर लाल दिवा लावून गप्प बसतो. तो दिवा शोभेचा आहे, असे समजून टेप बंद करून पुन्हा चालू करावा.

सहावी पायरी : गेन पूर्ण फिरवावा

ॲम्प्लिफायरवरील गेन नावाचा खिट्टा आवाज वाढवण्यासाठी नसून डेकचा आवाज आणि ॲम्प्लिफायरची ताकद यांचा मेळ घालण्यासाठी असतो. तो शेवटपर्यंत फिरवला की ध्वनीच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज मोठा वाटतो, हीच त्याची थोरवी. त्यात आधी ट्विटर जळतात, नंतर वूफरची कॉइल आणि शेवटी मालक. शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी ती सुमारे दहापट करावी लागते, हा नियम माहीत नसल्यामुळेच या व्यवसायाची भरभराट आहे.

सातवी पायरी : पेट्या चालकाच्या कानाशी, तोंडे जगाकडे

पेट्या दोन्ही मडगार्डांवर बांधाव्यात. कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचाच आवाज चालकाच्या कानाशी 90 डेसिबलच्या आसपास असतो, त्यामुळे गाण्याला त्याच्या वर चढावे लागते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये ध्वनीचे निकष मोडून वाहन चालवल्याबद्दल शिक्षा सांगितली आहे. या दोन्ही मजकुरांचे वाचन टेप चालू असताना करता येत नाही. मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न, दुसऱ्या ट्रॉलीची निसटू पाहणारी पिन आणि टोळीतल्या कोणी मारलेली हाक यांपैकी काहीही चालकापर्यंत पोहोचत नाही, एवढे झाले म्हणजे टेप बसला असे समजावे.

शेवटची वायर

सर्व जोडण्या झाल्यावर पेट्यांभोवतीच्या रंगीत एलईडी पट्ट्या उरतात आणि त्यांना प्रवाह कोठून द्यावा, असा प्रश्न पडतो. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे एक सॉकेट असते. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना तेथून वीज जावी, म्हणून ते दिलेले असते. त्यात ट्रॉलीची वायर बहुधा खोचलेली नसते, कारण पहिल्या ट्रॉलीवरून दुसरीपर्यंत जाणारी ती वायर ऊस उतरवताना गेल्या हंगामातच तुटलेली असते. फिटर तेथूनच तयार वीज घेतो, पट्ट्या लुकलुकू लागतात आणि काम पूर्ण होते.

ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याचा साधा बल्ब पाच वॅटचा असतो. तो अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी वीज घेतो. साठ अँपिअरच्या या साऱ्या खटाटोपात तेवढाच एक दिवा लागलेला नसतो. ट्रॉलीच्या मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, रेडियमची पट्टी झाकलेली असते, रस्त्यावर खांब नसतात, आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या काचा बंद असतात, कारण तिच्यातही टेप असतो. ट्रॅक्टरचे गाणे त्या मोटारीत ऐकू जात नाही. दिवा असता तर दिसला असता. हंगामापूर्वी ट्रॅक्टर टेपच्या दुकानासमोर लावलाच असेल, तर वरील सातही चुका मालकाने खुशाल कराव्यात, परंतु त्याच फिटरकडून त्या सात पिनांत ट्रॉलीची वायर जोडून घ्यावी, दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे उभे राहून दोन्ही लाल दिवे लागल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मगच गाणे लावावे.