एकदाच ऐकवलं जाईल

आमच्या घराण्यात इंग्रजी माझ्याकडे आहे. पूर्वी काही घरांत पाटीलकी एकाच शाखेकडे असायची, तशी. पलूसकडच्या आमच्या भाऊबंदांत कुणाला विम्याचा कागद आला, कंपनीचं पत्र आलं, की फोटो काढून मला पाठवतात. मी तो मोठा करून बघते, थोडा वेळ मुद्दाम थांबते (लगेच उत्तर दिलं तर किंमत राहत नाही) आणि मग अर्थ सांगते. बँकेत उभी हयात गेल्यामुळे असल्या कागदांत काय असतं ते न वाचताही मला माहीत असतं, हा भाग वेगळा. तो मी कुणाला सांगत नाही.

त्यामुळे भाची राहुरीहून कृषीची पदवी घेऊन आली आणि मृदाशास्त्र शिकायला नेदरलँड्सला जायचं म्हणून आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार असं कळलं, तेव्हा भावजयीनं "आक्का, तुम्हीच बघा आता" म्हणायच्या आत मी पुण्यातल्या आमच्या घरी तिच्यासाठी टेबल रिकामं केलं होतं. लिहिणं आणि बोलणं तिनं क्लासवर सोपवलं. ऐकणं आणि वाचणं माझ्या वाट्याला आलं. मला जरा कमीपणाच वाटला. ऐकण्यात आणि वाचण्यात शिकवायचं काय असतं?

केंब्रिजची सरावाची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी आणली. आधीच्या मालकानं त्यांत पेन्सिलीनं उत्तरं लिहिली होती. गडी मोठा उत्साही. प्रत्येक परीक्षेत पहिल्या उताऱ्याच्या ओळीन् ओळी अधोरेखित, समासात बाण, चौकोन, चांदण्या. दुसऱ्या उताऱ्यात रेघा विरळ होत जायच्या. तिसरा उतारा कोरा करकरीत. एका ठिकाणी तिसऱ्या उताऱ्याच्या डोक्यावर फक्त "बोंबला" असं लिहिलेलं होतं. तो पुढे कॅनडाला गेला की सदाशिव पेठेतच राहिला, देव जाणे. पण मला तो माणूस आपल्यातला वाटला.

कारण 60 मिनिटांत 3 उतारे आणि 40 प्रश्न, हे माझ्या वाचण्याच्या पद्धतीत बसतच नव्हतं. मी इंग्रजी वाचते ते चवीनं. एखादं वाक्य आवडलं तर दोनदा वाचते, मोठ्यानं वाचते, घरात दुसरं कुणी असेल तर त्यालाही ऐकवते. पहिल्या दिवशी मी भाचीला मधमाश्यांवरचा उतारा असा वाचून दाखवला की माझी मीच खूश झाले. ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "आत्या, हे वाचायचं नसतं. शोधायचं असतं. आधी प्रश्न बघायचे, मग उताऱ्यात उत्तर हुडकायचं."

"म्हणजे उतारा वाचायचाच नाही?"

"वेळ उरला तर."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर 1859 साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या मॅट्रिकला बसले. तीही विद्यापीठाचं दार उघडणारीच परीक्षा होती. रानड्यांनी तर वाचून वाचून डोळे बिघडवून घेतले. त्यांनी असं हुडकत हुडकत वाचलं असतं का?"

"त्यांना प्रत्येक उताऱ्याला वीसच मिनिटं होती का?" भाचीनं विचारलं. शेती शिकलेली मुलं फार नेमकं बोलतात.

पण या वाचनात एक गोष्ट मला अशी सापडली की तिच्यापायी मी बाकीची तयारी काही काळ वाऱ्यावर सोडली. उताऱ्याखाली विधानं देतात. विधान उताऱ्याशी जुळलं तर ट्रू, उताऱ्याच्या विरुद्ध गेलं तर फॉल्स, आणि उतारा त्याबद्दल गप्प असेल तर नॉट गिव्हन. या तिसऱ्या खान्यानं मला झपाटलं. इतकी वर्षं मी जगातल्या सगळ्या बोलण्याची खरं आणि खोटं अशी दोनच गाठोडी बांधत आले होते. आणि बघावं तर बहुतेक सगळा माल तिसरीकडेच पडलेला!

शेजारच्या वहिनींकडे मुलीसाठी स्थळं येतात. त्यांच्या फोनवरचे बायोडाटा मी नव्या नजरेनं तपासायला घेतले. 'मुलगा नामांकित कंपनीत उच्च पदावर.' कंपनीचं नाव? नॉट गिव्हन. पद? नॉट गिव्हन. 'गावी शेती आहे.' किती, कुणाच्या नावावर, आणि चुलत्यांशी दावा चालू आहे का? नॉट गिव्हन, नॉट गिव्हन, नॉट गिव्हन. 'घरचं वातावरण मोकळं.' कुणासाठी ते दिलेलं नाही. 'अपेक्षा काहीही नाही.' हे मात्र फॉल्स. त्याला उतारा वाचायचीही गरज नाही. वहिनी आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि नंतर त्यांनी मला बायोडाटा दाखवणं बंद केलं.

मग मी सोसायटीच्या फलकाकडे वळले. 'लिफ्टचे काम प्रगतिपथावर आहे.' प्रगती कुठल्या दिशेनं, दिलेलं नाही. 'टाकी धुण्याच्या कामामुळे पाणीपुरवठा खंडित राहील, सभासदांनी सहकार्य करावे.' कधीपर्यंत, दिलेलं नाही; पाणी नसताना सहकार्य कसं करतात, तेही दिलेलं नाही. डॉक्टर माझे रिपोर्ट बघून म्हणाले, "वयाच्या मानानं ठीक आहे." मी घरी येईपर्यंत या वाक्याचा कीस पाडला. शाळेतली मैत्रीण कित्येक वर्षांनी भेटली आणि मिठी मारून म्हणाली, "तू अजिबात बदलली नाहीस गं!" पूर्वी मी या वाक्यावर आठवडाभर खूश राहिले असते. आता रात्री पडल्या पडल्या विचार करत राहिले, की तेव्हा मी हिला कशी वाटत होते? नॉट गिव्हन. आणि आमच्या सासूबाईंचं आयुष्यभराचं "आमच्या वेळी असं नव्हतं." कसं होतं, ते शेवटपर्यंत त्यांनी दिलं नाही.

या नादात असतानाच भाऊ येऊन गेला. गुळाची ढेप घेऊन आला, सोफ्याच्या कडेवर बसला, चहा प्याला. टेबलावरचं पुस्तक उचलून दोन पानं उलटली आणि होतं तसं, त्याच कोनात परत ठेवलं.

"पोरगी जाणार म्हणायची," तो म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय आक्का." आणि मग, "स्वारगेटवरनं शेवटची गाडी किती वाजता?"

गावठाणातली घराची जागा शैक्षणिक कर्जाला तारण द्यायचं त्यानं तोवर ठरवून टाकलं होतं, हे मला, बँकेतल्या बहिणीला, नंतर भावजयीकडून कळलं. 'मुलीनं जावं असं वडिलांना वाटतं.' हे विधान मी कितीदा तरी मनात मांडलं. तिन्ही खाने आळीपाळीनं बरोबर वाटले. तेव्हापासून माझा तो खेळ थंडावला.

भाचीला मात्र त्याच खान्यानं रडवलं. एक सरावाचा उतारा निघाला तोच जमिनीच्या खारेपणावर. मी म्हटलं, झालं, ही आता चाळीसपैकी बेचाळीस घेणार. आमच्या शेताची खालची पट्टी क्षारपड आहे. वर्षानुवर्षं ऊस, पाण्याला मोजमाप नाही, निचऱ्याला वाट नाही. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर येतो आणि चपलेखाली कुरकुरतो. भाची लहानपणापासून ती पट्टी बघत आली. ती या विषयाकडे वळली तीच त्या पट्टीमुळे. आता जादा पाण्यानं जमीन खारी होते अशा अर्थाचं विधान दिसल्यावर तिनं डोळे झाकून ट्रू लिहिलं. उत्तर होतं नॉट गिव्हन. उताऱ्यात कालवे होते, मीठ होतं, पण एकामुळे दुसरं होतं हे वाक्य कुठेच नव्हतं.

"आत्या, पण हे खरंय!" ती उठून उभीच राहिली. "खालच्या पट्टीत चल, मी खणून दाखवते!"

परीक्षेचं म्हणणं मला कळतं. ते इंग्रजी तपासतात, माती तपासत नाहीत. उताऱ्यात आहे तेवढंच बघायचं, स्वतःचं ज्ञान मध्ये आणायचं नाही, हा नियम रास्तच आहे. पण त्या संध्याकाळी माझं डोकं तापलं ते तापलंच. पोरीनं अख्खी पदवी इंग्रजीतून केली, मातीचे नमुने तपासून अहवाल इंग्रजीत लिहिले. ज्या देशात निघालीय तिथले लोक घरी डच बोलतात. तरी हिला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला पंधरा हजारांच्या वर फी मोजायची, आणि ते येणं टिकणार दोन वर्षं. त्यानंतर निकालाची मुदत संपते. आणि सिद्ध कशानं करायचं, तर आपल्याला काही माहीत नाही असं समजून वागता येतं यानं. सांगली जिल्ह्यातली मुलगी, जिला वीतभर खोलीवरची ओल बोटानं कळते, ती रात्री बारा वाजता सुट्टीत भाड्यानं घेतलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये काय काय असतं याची यादी पाठ करत होती. कारण ते ऐकण्याच्या परीक्षेत येऊ शकतं.

आता ऐकणं. याबद्दल मी थोडक्यात सांगणार आहे, आणि त्याला कारण आहे.

साधारण अर्ध्या तासात 4 भाग आणि पुन्हा 40 प्रश्न. सगळं एकदाच ऐकवतात. आमच्या घरात कुठलीही गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय सांगितली असं धरत नाहीत, तिथे ही अट म्हणजे जुलूमच. पहिल्या भागात कुणीतरी कुणाला तरी फोन करतं: खोली भाड्यानं हवीय, पोहण्याच्या वर्गाला नाव घालायचंय, छत्री हरवलीय. शेवटी थेट विद्यापीठातलं व्याख्यान. मधल्या भागात दोन विद्यार्थी आणि त्यांचे सर प्रकल्पाबद्दल बोलतात आणि एकमेकांचं वाक्य एकदाही तोडत नाहीत. मला ते ऐकून घुसमटायला होतं.

शिवाय ही माणसं शब्दाला पक्की नाहीत. बाई म्हणते, मंगळवारी येते. मी मंगळवार लिहून मोकळी. तोवर बाई म्हणते, अरेच्चा, मंगळवारी दंतवैद्याकडे जायचंय, गुरुवारी चालेल का? आता हिला दंतवैद्याची वेळ आधी आठवू नये? कुणाचे दात, काय झालं, या विचारात माझे पुढचे दोन प्रश्न निघून जायचे. आणि कित्येक ठिकाणी उत्तर दोनपेक्षा जास्त शब्दांत द्यायचं नाही. दोन शब्दांत मी आजवर फक्त सही केलेली आहे. 'द ओल्ड लायब्ररी बिल्डिंग' हे माझं उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. त्याला शून्य.

एका रविवारी भाचीनं सहज म्हणून आमच्या ह्यांनाही कागद दिला. हे मराठी माध्यमाचे, वीज मंडळातून निवृत्त. इंग्रजी वर्तमानपत्र घरात येतं ते माझ्यासाठी, असा आमच्या घरचा समज. ह्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, हेडफोन लावला आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले.

माझे आले 24. ह्यांचे 35. म्हणजे या परीक्षेच्या श्रेणीत मी साधारण सहा बँड, आणि हे आठ.

"काका, कसं काय?" भाची ओरडलीच.

"तक्रार केंद्रात होतो ना," हे म्हणाले. "रात्रपाळीला फोन यायचे. नाव लिही, नावाचं स्पेलिंग लिही, ग्राहक क्रमांक लिही, डीपी कुठला ते लिही. वैतागलेला माणूस आधी म्हणतो मारुतीच्या देवळाजवळ, मग म्हणतो नाही नाही, देवळाच्या मागं, शाळेकडं. पहिलं ऐकून लिहिलं की वायरमन अंधारात भलतीकडं फिरतो. त्याचं बोलणं पुरतं होईस्तोवर पेन्सिल टेकवायची नाही."

त्या दिवसापासून ऐकणं माझ्याकडून काढून ह्यांच्याकडे देण्यात आलं. रोज संध्याकाळी दोघं समोरासमोर बसायची. भाची एखाद्या ठिकाणी अडखळली की हे बोट वर करायचे, म्हणजे अजून थांब. मला फक्त तेवढा अर्धा तास न बोलण्याचं काम होतं. ते मी जमेल तसं केलं.

भाचीला हवे होते तेवढे बँड मिळाले, ऐकण्यात तर अर्धा जास्तच. भावजयीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आक्कांच्या मार्गदर्शनाखाली उज्ज्वल यश.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी सर्वांचे मनापासून आभार मानले, इंग्रजीत. ह्यांनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी त्यांना स्पष्टच विचारलं: तक्रार केंद्रातली नोकरी आठ तासांची, उरलेले सोळा तास, लग्न झाल्यापासून, ऐकण्याचा सराव तुमच्याकडून कुणी करून घेतला?

"बरं," हे म्हणाले.