सहामाही गोंयकार

सहामाही गोंयकार म्हणजे ऑक्टोबरअखेरीस गोव्यात उतरणारा आणि एप्रिलचा उकाडा सुरू झाला की इंग्लंडला परतणारा निवृत्त ब्रिटिश गृहस्थ. वय पासष्टीच्या पुढे. नोकरी पोस्टात, शाळेत नाहीतर एखाद्या कारखान्यात झालेली. सोबत बहुधा बायको, दोघांत मिळून तीन दुखरे गुडघे आणि सहा महिने पुरतील इतक्या टी-बॅग्ज. भारतात चहा पिकतो हे त्याला ठाऊक असते, पण भारतात धड चहा मिळत नाही या त्याच्या मताला त्यामुळे बाधा येत नाही. उत्तरेत कांदोळी-कळंगुट आणि दक्षिणेत कोलवा-बाणावलीपासून पाळोळ्यापर्यंतच्या पट्ट्यात तो आढळतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येतो. हा गणपती-नवरात्र आटोपले, पाऊस ओसरला, की येतो आणि चाकरमान्याइतक्याच हक्काने अंगण का झाडले नाही म्हणून विचारतो.

इतका जीव लागला आहे तर वर्षभर का राहत नाही, असे शेजारी त्याला दर हिवाळ्यात विचारतात. तो नातवंडांचे नाव पुढे करतो. नातवंडे असतात हे खरे. पण निर्णय त्यांच्यासाठी झालेला नसतो, तो कागदपत्रांनी केलेला असतो. निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा भारतात नाही. पर्यटक व्हिसा पाच वर्षांचा मिळाला तरी ब्रिटिश नागरिकाला त्यावर एका खेपेला सलग १८० दिवसांहून जास्त राहता येत नाही. दुसरी भानगड पेन्शनची. ब्रिटनचे सरकारी पेन्शन साठी उलटून काही वर्षे गेली की सुरू होते आणि तिथे राहणाऱ्याचे दरवर्षी वाढते. पण भारतात कायमचा मुक्काम हलवणाऱ्याचे पेन्शन हलवतेवेळी होते तिथेच गोठते. पुढे वीस वर्षे तो जगला तरी आकडा तोच. अर्धे वर्ष इंग्लंडमध्ये काढण्याची ओढ त्याला या आकड्यामुळे लागते. शिवाय इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी सरकारी भत्ता मिळतो. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याने त्यासाठी सप्टेंबरातल्या एका ठरावीक आठवड्यात तिथला रहिवासी असावे लागते. सहामाही गोंयकार सप्टेंबरात घरीच असतो. भत्त्याचे नक्की झाले की तो थंडी मागे ठेवून बाणावलीला येतो, आणि यात नियमाविरुद्ध काहीही नाही.

पूर्वी हाच गृहस्थ स्पेनला जाई. ब्रेक्झिटनंतर तिथे कोणत्याही १८० दिवसांतले ९०च दिवस राहता येते. भारत त्याच्या दुप्पट दिवस देतो आणि मासळीही स्वस्त देतो.

दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात त्याला गोव्यात घर विकत घ्यावेसे वाटू लागते. हा आजार ठरावीक वेळी होतो आणि वकील गाठेपर्यंत टिकतो. परकीय चलनाच्या कायद्यानुसार परदेशी माणसाला इथे स्थावर मालमत्ता घ्यायची तर तो भारतातला निवासी ठरावा लागतो. त्यासाठी आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक मुक्काम हवा आणि येण्याचा हेतूही नोकरी-धंद्यासारखा, मुदतीचा ठाव न लागणारा हवा. पर्यटक व्हिसावरचा माणूस यात बसत नाही. व्हिसा १८० वर थांबतो आणि कायदा १८२ च्या पुढे सुरू होतो. मधले दोन दिवस ओलांडण्याच्या युक्त्या पाळोळ्याच्या प्रत्येक शॅकमध्ये फुकट सांगितल्या जातात, आणि त्या ऐकून पैसे गुंतवलेल्यांना पुढे नोटिसाही आल्या आहेत. कायद्यातून वाट निघाली तरी घर मोकळे सापडत नाही. गोव्याचा वारसा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. मुलांना संपूर्णपणे वगळून मालमत्ता भलत्याला देता येत नाही, त्यामुळे जुन्या घराच्या सातबाऱ्यासारख्या कागदांवर, म्हणजे तिथल्या एक-चौदावर, भावंडे, चुलतभावंडे आणि त्यांच्या विधवा अशी रांग उभी असते. एक सही मडगावात मिळते, दुसरी लिस्बनमध्ये, आणि तिसरी सही करणारा कोण याबद्दल घरातच एकमत नसते.

मग तो भाडेकरू होतो. करार अकरा महिन्यांचा. राहणे सहाच महिने, उरलेल्या पाचांचे भाडे तो सामान ठेवण्यापोटी मोजतो. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत घरमालकाने त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरायचा असतो. मालकीणबाई सत्तरीच्या असल्या तर तो भरण्याचे काम भाडेकरूच करतो आणि स्वतःच्या आगमनाची खबर स्वतःच सरकारला देतो.

या घरमालकांच्या घराण्याकडे जरा थांबून पाहायला हवे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. ब्रिटन युरोपीय संघात असताना त्या पासपोर्टावर हजारो गोंयकार इंग्लंडला गेले, आणि त्यांची सर्वांत ठळक वस्ती झाली स्विंडनमध्ये. त्याच स्विंडनने २०१६ च्या सार्वमतात संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. परिणामी संध्याकाळचे दृश्य असे असते: घरापुढच्या बाल्कांवात बसून सहामाही गोंयकार फेणीत लिंबू पिळतो आणि इंग्लंडमध्ये बाहेरचे लोक फार झाले म्हणून तक्रार करतो. मालकीणबाई सहानुभूतीने मान हलवतात. त्यांचा मुलगा त्या वेळी स्विंडनच्या गोदामात दुपारच्या पाळीवर असतो, आणि तिथल्या थंडीत तो हीटर लावतो की नाही याची काळजी त्यांना लागलेली असते. दोन्ही बाजूंनी पैसा पौंडातच येतो.

इंग्लंडमधले घर सहा महिने बंद राहते, ही दुसरी काळजी. घर ३० किंवा ६० दिवसांहून अधिक रिकामे राहिले की तिथल्या बऱ्याच विमा पॉलिसी अंग काढून घेतात. नळात पाणी गोठून पाइप फुटला तर नुकसान मालकाचे. त्यासाठी शेजाऱ्याला किल्ली, दर आठवड्याला फेरी आणि त्याबदली काजूची पाकिटे असा व्यवहार असतो. बाणावलीच्या समुद्रात मान बुडेपर्यंत उतरलेला हा माणूस फोनवर कुणाला तरी संडासाची साखळी ओढायला सांगत असला तर नवल वाटून घेऊ नये.

औषधांचा हिशेब आणखी बारीक. इंग्लंडमध्ये साठीनंतर औषधे मोफत, पण परदेशी जाणाऱ्याला डॉक्टर सहसा तीन महिन्यांहून जास्त लिहून देत नाहीत. उरलेले तीन महिने तो मडगावच्या औषधाच्या दुकानात जातो, रक्तदाबाची तीच गोळी तिथे किती स्वस्त आहे ते पाहतो आणि आनंदाने सगळ्यांना सांगतो. रक्तदाब तेवढ्यानेही थोडा उतरत असावा. प्रवास विमा वयाबरोबर महागतो, आणि एका सहलीला किती दिवस याची मर्यादा त्यातही असते. स्कूटरचे कलम तर तो वाचतच नाही. मोटारीच्या ब्रिटिश परवान्यावर दुचाकी चालवणे चालत नाही आणि परवाना नसलेल्या अपघाताचा दावा विमा कंपनी मान्य करत नाही. तरीही अडुसष्टाव्या वर्षी तो भाड्याची स्कूटर घेतो, बायकोला मागे बसवतो आणि शेणाच्या पोवासमोर करकचून ब्रेक मारतो. भाड्याच्या गाडीची काळी पाटी पोलीस लांबूनच ओळखतात.

पैशांच्या बाबतीत तो दिवसेंदिवस मागे पडतो आहे. पाहुण्या परदेशी माणसाला बँकेत जे खाते उघडता येते तेही सहा महिन्यांपुरतेच, म्हणून बहुतेक जण ते उघडतच नाहीत. शहाळेवाला क्यूआर कोडकडे बोट दाखवतो, हा पाचशेची नोट पुढे करतो, आणि दोघेही एकमेकांकडे करुणेने पाहतात.

या जमातीत मानाची उतरंड ठरते ती पहिल्यांदा कधी आला यावरून. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्याआधी आलेला तो ज्येष्ठ. त्याच्यासमोर २०१० चा माणूस गोव्याबद्दल बोलत नाही. मोपाचा विमानतळ झाल्यावर आलेल्याला तर खुर्चीही उशिरा मिळते. गोवा बिघडला, हा ज्येष्ठांचा लाडका विषय. टॅक्सीवाल्यांचे दर, दिल्लीकरांचे बंगले, किनाऱ्यावरचा गोंगाट यांवर ते तास तास बोलतात, आणि त्यांतले बरेच खरेही असते. गावातले लोक हे शांतपणे ऐकतात. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे वेळेवर देणाऱ्या माणसाला मध्येच तोडायची रीत नाही.

एप्रिलमध्ये आवराआवर होते. पंखा, इस्त्री, मच्छरदाणी आणि अर्धवट वाचलेल्या कादंबऱ्या प्लास्टिकच्या पेट्यांत बंद करून तो निघतो. त्यानंतर मालकीणबाई कौले चाळून घेतात. जूनपासून सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, चपलांवर बुरशी धरते, वाळवी दाराच्या चौकटीत शिरते, ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद राहते आणि २४ जूनला सांजावच्या दिवशी तरुण मुले विहिरींत उड्या मारतात. हा गोवा त्याने पाहिलेला नसतो. वीस हिवाळे काढलेला ज्येष्ठसुद्धा ऑक्टोबरात परतल्यावर पेटीतल्या उशीला वास का येतो, असे पहिल्यांदाच आल्यासारखे विचारतो. मासळी, भाडे आणि टॅक्सी यांबद्दल त्याचा सल्ला जरूर घ्यावा. पावसाबद्दल मालकीणबाईंना विचारावे.